वाट, पाणी आणि घर

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



वाङ्मयाच्या व्यासपीठावर अर्थशास्त्राच्या शिक्षकाला बोलावण्यात एक धोका असतो. तो सरोवर पाहावयास गेला तरी तेथील पाणी कोणाच्या मालकीचे, काठावरची जमीन कोणाची आणि ती पाहण्याचा हक्क कोणाला, असलेच प्रश्न घेऊन परत येतो. इंग्रजी कवींच्या एका गावाविषयी बोलावे असे आपण मला सुचविलेत. मी त्या गावाविषयी आणि त्या कवींविषयी बोलणारच आहे. परंतु ते माझ्या धंद्याच्या रीतीने बोलेन, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागून ठेवतो.

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रियाच्या डोंगराळ मुलखात, डर्वेंटवॉटर नावाचे सरोवर आहे. लांबी सुमारे तीन मैल, रुंदी मैलभर आणि मध्ये झाडीने भरलेली चार बेटे. त्याच्या उत्तर टोकाशी केझिक हे गाव वसलेले आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. पाठीशी स्किडॉ हा तीन हजार फुटांहून उंच डोंगर. १२७६ साली पहिल्या एडवर्ड राजाने येथे बाजार भरविण्याची सनद दिली आणि आजही चौकातल्या जुन्या सभागृहाभोवती बाजार भरतो. सोळाव्या शतकात तांब्याच्या खाणींसाठी येथे जर्मन खाणकामगार आणले गेले. जवळच्या बॉरोडेलच्या खोऱ्यात अत्यंत शुद्ध ग्रॅफाइट सापडले. ते तोफगोळ्यांच्या साच्यांसाठी लागत असल्यामुळे इतके मोलाचे ठरले की, त्याची चोरी हा गंभीर गुन्हा ठरविणारा कायदा पार्लमेंटने १७५२ साली केला. पुढे त्याच ग्रॅफाइटवर केझिकमध्ये पेन्सिलीचा धंदा उभा राहिला. कवींचे गाव पाहावयास जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. कवी येथे यावयाच्या आधी शतकानुशतके खाणकामगार आणि मेंढपाळ येथे राबत होते, आणि कवीच्या हातातली पेन्सिलसुद्धा याच डोंगराच्या पोटातून कोणीतरी खणून काढलेली होती.

मी मँचेस्टरहून रेल्वेने पेन्रिथला उतरलो आणि तेथून बसने केझिकला गेलो. एके काळी रेल्वे थेट केझिकपर्यंत जात असे. १८६५ साली उतारूंसाठी सुरू झालेली ती गाडी १९७२ साली बंद झाली आणि रूळ उखडलेल्या त्या मार्गावरून आता लोक पायी किंवा सायकलीने जातात. हा रेल्वेचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. या मुलखात रेल्वे येऊ द्यावी की नाही, यावर एका थोर कवीने केलेला वाद आपल्याला पुढे पाहावयाचा आहे.

ग्रेटा हॉलमधील दोन मित्र

गावाच्या कडेला, ग्रेटा नदीच्या वरच्या अंगाला, ग्रेटा हॉल हे घर आहे. १८०० साली कोलरिज येथे राहावयास आला. १८०३ साली त्याचा मित्र आणि साडू रॉबर्ट सदे येथे आला. लवकरच कोलरिज प्रकृतीच्या शोधात माल्टाला निघून गेला आणि त्याचे कुटुंबही सदेच्याच आधाराने राहिले. सदे मात्र येथून हलला नाही. १८४३ साली मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षे, हजारो ग्रंथांनी भरलेल्या या घरात तो लेखणीवर दोन कुटुंबे पोसत राहिला. हिंदू पुराणकल्पनांवर बेतलेले ‘द कर्स ऑफ केहामा’ हे त्याचे दीर्घकाव्य १८१० साली प्रसिद्ध झाले. हिंदुस्थान कधीही न पाहता त्याने तो खटाटोप केला.

समाजवाद्यांनी या दोघांची आठवण ठेवावी याला आणखी एक कारण आहे. १७९४ साली, विशीच्या उंबरठ्यावर असताना, या दोघांनी अमेरिकेत सस्क्वेहाना नदीच्या काठी एक समतेची वसाहत स्थापण्याचा बेत केला होता. जमीन सर्वांची, श्रम सर्वांचे, उरलेला वेळ विद्येचा, असा तो बेत होता. पैशाअभावी आणि आपसातल्या मतभेदांमुळे तो कागदावरच राहिला. त्याच वर्षी सदेने १३८१ सालच्या शेतकऱ्यांच्या बंडाचा नायक वॉट टायलर याच्यावर एक जहाल नाटक लिहिले आणि ते प्रसिद्ध न करता ठेवून दिले. पुढे सदे पालटला. तो हुजूर पक्षाचा कैवारी झाला, १८१३ साली राजकवी झाला. १८१७ साली त्याच्या विरोधकांनी ते जुने नाटक त्याच्या संमतीवाचून छापून त्याची फजिती केली. तरुणपणी जहाल आणि उतारवयात सरकारी, हा प्रवास आपल्याही परिचयाचा आहे. तेव्हा सदेला हसण्याची घाई करू नये.

कारण या पालटलेल्या सदेनेच १८२९ साली एक विलक्षण पुस्तक प्रसिद्ध केले. केझिकच्या परिसरात हिंडताना ‘युटोपिया’चा कर्ता सर टॉमस मोर याचे भूत त्याला भेटते आणि दोघे समाजाच्या भवितव्यावर संवाद करतात, अशी त्याची मांडणी आहे. त्यापूर्वी १८१९ साली सदेने स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ओवेनची न्यू लॅनार्कची गिरणी स्वतः पाहिली होती. या ग्रंथात त्याने कारखानदारीवर कठोर टीका केली. संपत्ती वाढत आहे आणि ती निर्माण करणारा माणूस खंगत आहे, हे त्याने पाहिले.

त्या पुस्तकाचा समाचार १८३० साली मेकॉलेने घेतला. होय, तोच मेकॉले; पाच वर्षांनी आपल्या शिक्षणाविषयी टिपण लिहिणारा. राष्ट्राची स्थिती आकड्यांनी मोजावयाची सोडून हा कवी कामगाराची झोपडी गिरणीपेक्षा सुंदर दिसते की नाही हे पाहतो, असे म्हणून मेकॉलेने त्याची थट्टा केली. सरकारने मालमत्तेचे रक्षण करावे, शांतता राखावी आणि बाकी कशात हात घालू नये, हे त्याचे तत्त्वज्ञान. शंभर वर्षांनी इंग्लंडची लोकसंख्या कितीतरी वाढलेली असेल आणि तरी लोक अधिक चांगले खातील व राहतील, असे भाकीतही त्याने केले. मित्रहो, प्रामाणिकपणे सांगावयाचे तर भाकीत मेकॉलेचे खरे ठरले. उत्पादन वाढले आणि राहणीमानही वाढले. परंतु ते सरकारने हात बांधून बसल्यामुळे वाढले काय? कारखान्यांचे कायदे, सार्वजनिक आरोग्याचे कायदे, कामगार संघटना, सक्तीचे शिक्षण या साऱ्यांनी मेकॉलेचे भाकीत खरे केले आणि त्याचा सिद्धान्त खोटा पाडला. प्रतिगामी म्हणविलेल्या सदेला रोग दिसला होता. पुरोगामी म्हणविलेल्या मेकॉलेला तो दिसला नाही. पक्षाची पाटी पाहून माणसाचे मोल ठरविणाऱ्यांनी यातून काही बोध घ्यावा.

सौंदर्य कोणासाठी?

आता रेल्वेकडे वळू. केझिकपासून दक्षिणेस बारा-तेरा मैलांवर ग्रासमियर आहे आणि तेथे व शेजारच्या रायडलला वर्डस्वर्थचे बहुतेक आयुष्य गेले. या सरोवरप्रदेशावर त्याने लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध आहे. हा प्रदेश एक प्रकारची राष्ट्राची मालमत्ता आहे आणि तो पाहण्याची दृष्टी व त्यात रमण्याचे हृदय ज्याला आहे, त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क आहे, असा आशय त्याने त्यात मांडला. सार्वजनिक मालकीच्या विचाराला कवीच्या तोंडून मिळालेला हा पाठिंबा मी वर्गात अनेकदा सांगितला आहे.

परंतु १८४४ साली केंडालहून विंडरमियरपर्यंत रेल्वे नेण्याची योजना निघाली, तेव्हा हाच वर्डस्वर्थ वर्तमानपत्रात पत्रे लिहून तिच्या विरोधात उभा राहिला. त्याचे म्हणणे असे की, निसर्गसौंदर्याची गोडी संस्कारांनी येते. गिरणीकामगारांना झुंडींनी गाडीत भरून येथे आणल्याने त्यांचा काही लाभ होणार नाही आणि या स्थळांची शांतता मात्र भंगेल. त्यांनी सुटीच्या दिवशी आपापल्या गावाजवळच फिरावे. ‘दृष्टी आणि हृदय’ या दोन शब्दांना दाराची कडी कशी लावता येते, हे यातून दिसते. हक्क प्रत्येकाचा, परंतु पात्रता ठरविणार आम्ही. रेल्वे १८४७ साली विंडरमियरला पोहोचली आणि कामगार आले. त्यांना दृष्टी होती की नव्हती याचा निकाल पुढच्या इतिहासाने दिला.

रस्किनचेही काही प्रमाणात असेच झाले. केझिकच्या सरोवरकाठी फ्रायर्स क्रॅग नावाचा एक खडक पाण्यात पुढे आलेला आहे. दाईने आपल्याला तेथे नेले होते, ही आपल्या आयुष्यातील पहिली आठवण असल्याचे रस्किनने लिहून ठेवले आहे. १९०० साली तो वारल्यावर त्याच्या स्मरणार्थ तेथे एक शिला उभारण्यात आली. मी त्या शिलेजवळ बराच वेळ बसलो होतो. याच रस्किनने सरोवरप्रदेशात आणखी रेल्वे आणण्याला विरोध करताना कामगारांविषयी तुच्छतेने लिहिले. आणि याच रस्किनने १८६० साली ‘कॉर्नहिल’ मासिकात चार निबंध लिहून आमच्या अर्थशास्त्राच्या मुळावर घाव घातला. वाचकांच्या संतापामुळे संपादकाला ती लेखमाला आवरती घ्यावी लागली. १८६२ साली ती ‘अन्टू धिस लास्ट’ या नावाने पुस्तकरूपाने आली. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी आगगाडीत ते पुस्तक वाचले, त्यातून फिनिक्सचा आश्रम निघाला, आणि १९०८ साली त्यांनी त्याचा गुजराती सारांश ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध केला. एका सरोवरकाठी ज्याची स्मृती जागी झाली, त्याचा शब्द आगगाडीत बसलेल्या एका वाचकामार्फत आपल्या चळवळीपर्यंत पोहोचला. आगगाडीचा त्याला एवढा तिटकारा होता, हे मनात येऊन मला त्या शिलेजवळ हसू आले.

पाणी गेले मँचेस्टरला

केझिकच्या आग्नेयेस चार-पाच मैलांवर थर्लमियर हे दुसरे सरोवर आहे. वाढत्या मँचेस्टरला पाणी हवे होते. तेथील महापालिकेने या सरोवराला धरण बांधून पाणी नेण्याची योजना आखली. विरोधासाठी १८७७ साली बचाव समिती स्थापन झाली. रस्किन विरोधकांत होता. तरीही १८७९ साली कायदा मंजूर झाला. सरोवराची पातळी सुमारे पन्नास फूट वाढली, विथबर्न आणि आर्मबोथ या वस्त्या पाण्याखाली गेल्या, आणि १८९४ साली ९६ मैलांचा कालवा पार करून, केवळ उताराच्या बळावर, पाणी मँचेस्टरला पोहोचले. वऱ्हाड-खानदेशचा कापूस ज्या लँकेशायरच्या गिरण्यांत जात होता, त्यांच्या राजधानीचे हे पाणी.

येथे समाजवाद्याने कोणाची बाजू घ्यावी? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मँचेस्टरच्या गलिच्छ वस्त्यांत राहणाऱ्या कामगारांना स्वच्छ पाणी मिळणे ही चैन नव्हती. तो जीवनमरणाचा प्रश्न होता. ते पाणी आणणारी संस्था खाजगी कंपनी नव्हती, निवडून आलेली महापालिका होती. आमचे अर्थशास्त्रज्ञ ज्याला ‘गॅस आणि पाण्याचा समाजवाद’ म्हणतात, त्याचे हे ठळक उदाहरण. मग खोऱ्यातल्या शेतकऱ्याचे घर आणि कवीची आवडती वाट बुडाली म्हणून आपण कामगाराच्या घशातले पाणी काढून घ्यावयाचे काय? निदान मी तसे म्हणणार नाही. परंतु सार्वजनिक गरजेचे नाव घेतले की बुडणाऱ्याला विचारण्याचे कारण उरत नाही, ही वृत्तीही मला मान्य नाही. १९२१ सालचा मुळशीचा सत्याग्रह आणि सेनापती बापटांचे नाव ज्यांच्या कानांवर लहानपणापासून आहे, अशा श्रोत्यांना हे अधिक फोडून सांगावयास नको.

या कथेचा शेवट मात्र अधिक बोलका आहे. १९८९ साली थॅचरबाईंच्या सरकारने इंग्लंडमधील पाणीपुरवठ्याच्या संस्था विकून टाकल्या. थर्लमियर आज एका खाजगी कंपनीच्या मालकीचे आहे. ज्या पाण्यासाठी दोन वस्त्या सार्वजनिक हिताच्या नावाने बुडविल्या, ते पाणी शंभर वर्षांच्या आत भागधारकांच्या नफ्याचे साधन झाले. वस्त्यांनी त्याग केला तो मँचेस्टरच्या तहानलेल्या माणसासाठी. रोखेबाजारासाठी कोणी आपले घर सोडलेले नव्हते. सार्वजनिक कामासाठी घेतलेली वस्तू ते काम संपले तर परत करावी, हा साधा न्याय आहे. तिचा लिलाव करण्याचा अधिकार घेणाऱ्याला कोणी दिला? खाजगीकरणाच्या पाठ्यपुस्तकांत कार्यक्षमतेवर प्रकरणे असतात. या प्रश्नावर मला एकही आढळले नाही.

पायांनी मिळविलेला हक्क

आता ज्या घटनेसाठी मी मुख्यतः केझिकला गेलो, तिच्याकडे येतो. गावाच्या डोक्यावरच लॅट्रिग नावाची टेकडी आहे, बाराशे फुटांच्या आसपास. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर चढत आले होते. जमीनमालकाने त्या वाटा अडविल्या. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार लोक अडथळे बाजूला सारून माथ्यावर चढून गेले. त्यांचे पुढारपण वाटाड्या-पुस्तके लिहिणाऱ्या जेन्किन्सन या गृहस्थाने केले. जहाजांवर माल किती भरावा याची रेषा आखून खलाशांचे प्राण वाचविणारा सॅम्युएल प्लिमसोलही त्या चढाईत होता. प्रकरण न्यायालयात गेले. १८८८ साली तडजोड झाली आणि टेकडीच्या माथ्यावर जाणारी एक वाट सार्वजनिक वहिवाटीची म्हणून मान्य झाली. मागितल्या होत्या अनेक, मिळाली एक. परंतु त्याच वाटेवरून मीही परवा चढलो, आणि कोणी मला हटकले नाही.

मित्रहो, ‘वहिवाट’ हा आपला शब्द किती अर्थपूर्ण आहे पाहा. वापरून वापरून हक्क सिद्ध होतो, हा त्याचा अर्थ. आणि वापर थांबला की हक्क बुडतो, ही त्यातली ताकीद.

या पायवाट-समितीचा अध्यक्ष होता कॅनन रॉन्सली, केझिकजवळच्या क्रॉस्थवेट चर्चचा धर्मोपदेशक. ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्यासह त्याने १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. १९०२ साली डर्वेंटवॉटरच्या पश्चिम काठावरील ब्रँडलहाऊची शंभरावर एकर जमीन विक्रीस निघाली, तेव्हा या संस्थेने लोकवर्गणीतून साडेसहा हजार पौंड जमवून ती विकत घेतली. ज्यांना निसर्गाची दृष्टी नाही असे मानले गेले होते, त्या औद्योगिक शहरांतल्या कामगारांनीही आपले शिलिंग त्यात घातले. १९०७ सालच्या कायद्याने ट्रस्टला एक असामान्य अधिकार मिळाला. एखादी जमीन ट्रस्टने अविक्रेय ठरविली की पार्लमेंटच्या संमतीवाचून ती कोणालाही विकता किंवा काढून घेता येत नाही. महापालिकेच्या थर्लमियरला असे कवच नव्हते, म्हणून ते विकले गेले. ब्रँडलहाऊला आहे, म्हणून ते उरले. सार्वजनिक मालकी पुरेशी नाही. ती मालकी पुढच्या सरकारच्या हातूनही सुटणार नाही अशी गाठ मारावी लागते. हा धडा आपण फार उशिरा शिकत आहोत.

माझ्या पिढीतल्या अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने डाल्टनचे राजस्वावरचे पुस्तक वाचलेले आहे. ‘महत्तम सामाजिक लाभाचे तत्त्व’ आम्ही त्याच्याकडून पाठ केले आणि परीक्षेत उतरविले. १९२२ सालच्या त्या पुस्तकाचा कर्ता ह्यू डाल्टन हा रानावनातून चालण्याचा मोठा शौकीन होता, हे मात्र आम्हाला कोणी सांगितले नव्हते. १९४५ साली मजूर पक्ष सत्तेवर आला आणि डाल्टन अर्थमंत्री झाला. १९४६ च्या अंदाजपत्रकात त्याने पाच कोटी पौंडांचा ‘राष्ट्रीय भूमिनिधी’ उभारला. वारसाकर जमिनीच्या रूपाने भरता यावा आणि ती जमीन सर्वांसाठी खुली व्हावी, ही त्यामागची कल्पना. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ साली, डाल्टनकडेच ते खाते असताना, सरोवरप्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. महायुद्धाने कंगाल झालेल्या, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या देशाने हे केले. ‘पैसा नाही’ ही सबब ऐकली की मला हे साल आठवते. पुढे हुजूर पक्षाच्या सरकारने १९५७ साली त्या निधीला मोठी कात्री लावली, हेही सांगितले पाहिजे.

वर्डस्वर्थने राष्ट्राची मालमत्ता हा शब्द दिला. त्या शब्दाला लॅट्रिगवर चढलेल्या दोन हजार माणसांनी पाय दिले, वर्गणी देणाऱ्यांनी पैसा दिला आणि मजूर सरकारने कायदा दिला. यांतला एकही दुवा गळला असता तर आज मी त्या सरोवराकाठी कुंपणाबाहेर उभा असतो.

राहिले घर

येथे व्याख्यान संपविले असते तर ते आपल्याला आणि मलाही सुखाचे झाले असते. परंतु मी ज्या घरी उतरलो होतो, तेथे सकाळी न्याहारी वाढणाऱ्या आणि खोल्या आवरणाऱ्या एका मध्यमवयीन बाईंशी माझे बोलणे झाले. त्या रोज वीस मैलांवरच्या वर्किंग्टनहून पहाटेच्या बसने येत होत्या. वर्किंग्टन हे किनाऱ्यावरचे पोलाद आणि कोळशाचे जुने शहर. दोन्ही धंदे आता मिटलेले. बाईंचा जन्म केझिकचा, वडील पेन्सिलीच्या कारखान्यात. मी विचारले, “मग आपण येथेच का राहत नाही?” त्या म्हणाल्या, “माझ्या माहेरचे घर आहे ना, ते वर्षातून सहा आठवडे उघडते. उरलेले दिवस त्याला कुलूप असते. मला मात्र रोज गाव सोडून जावे लागते.” आवाजात राग नव्हता. त्यांनी चहाची किटली ठेवली आणि त्या पुढच्या टेबलाकडे वळल्या.

कारण उघड आहे. १८८७ सालच्या लोकांनी वाट मोकळी केली, १९५१ सालच्या सरकारने डोंगर राखले, २०१७ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारसा म्हटले. जतन केलेल्या सौंदर्याची किंमत वाढली. परंतु ती वाढ कोणाच्या पदरात पडली? काठावरच्या घरांच्या मालकांच्या. समाजाने खर्च करावा, समाजाने चळवळ करावी आणि त्यातून निर्माण झालेली मूल्यवृद्धी खाजगी खिशात जावी, हे रिकार्डोपासून हेन्री जॉर्जपर्यंत सर्वांनी सांगितलेले भूमिखंडाचे जुने दुखणे आहे. सुटीच्या घरांनी आणि भाड्याच्या पर्यटकी खोल्यांनी केझिकमधील घरांचा मोठा हिस्सा व्यापला आहे आणि स्थानिक मजुरीत ते घर परवडत नाही. पेन्सिलीचा कारखानाही या शतकाच्या आरंभी गावातून वर्किंग्टनच्या बाजूला हलविला गेला. मागे राहिले आहे ते पेन्सिलीचे संग्रहालय. कारखाना वर्किंग्टनकडे गेला आणि कारखान्यातल्या कामगाराची मुलगी वर्किंग्टनहून खोल्या आवरावयास येते. कवींच्या गावाचे अर्थशास्त्र या एका बसच्या तिकिटात मावते.

२०२५ सालापासून इंग्लंडमधील स्थानिक संस्थांना अशा दुय्यम घरांवर दुप्पटपर्यंत स्थानिक कर बसविण्याचा अधिकार मिळाला आहे. पाऊल योग्य दिशेचे आहे. पण ज्याला दोन घरे परवडतात त्याला दुप्पट करही परवडतो. आणि त्या उत्पन्नातून भाड्याची सार्वजनिक घरे बांधली गेली नाहीत, तर बाईंची पहाटेची बस काही चुकणार नाही. जमिनीला जे अविक्रेयतेचे कवच मिळाले, तसे काही गावातल्या घरांना, निदान काही घरांना, मिळाले पाहिजे. तेथे राबणाऱ्यालाच ते मिळेल आणि बाजारात ते परत येणार नाही, अशी गाठ मारली पाहिजे. मेंढपाळ, बसचालक, खोल्या आवरणारी बाई ज्या गावात राहू शकत नाही, ते गाव कितीही सुंदर राखले तरी तो एक देखावा होतो.

मित्रहो, मी वाट, पाणी आणि घर या तीन गोष्टींविषयी बोललो. वाट लोकांनी चालून मिळविली. पाणी सार्वजनिक होते, ते विकले गेले. घर कधी सार्वजनिक झालेच नाही. समाजवादी चळवळीने आपल्या कामाचा हिशेब मांडावयाचा तर या तीन रकान्यांत मांडावा, असे मला वाटते. पहिल्या रकान्यावर समाधान मानून बाकीचे दोन कोरे ठेवण्याची सवय इंग्लंडात जशी आहे, तशी अन्यत्रही आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी पुन्हा लॅट्रिगच्या वाटेने थोडा वर गेलो. खाली सरोवर होते आणि वर्किंग्टनच्या बाजूने येणारी बस गावात शिरत होती. त्या बसमधल्या उतारूंपैकी कितीजण संध्याकाळी केझिकमध्ये आपल्या घरी झोपावयास जातील, हा प्रश्न घेऊन मी परत आलो आहे. तो आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.